चांगल्या हेतूचा मार



लेकराला मारावं की मारू नये, हा विषय गटाच्या बैठकीत निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणते, आम्हाला आईनं निंबाच्या फोकानं झोडपलं म्हणून तर आम्ही सरळ राहिलो. दुसरी म्हणते, आता कायदा आलाय बाई, मास्तरसुद्धा हात लावत नाहीत. आणि एखादी कोपऱ्यात गप्पच बसलेली असते. तिला काय आठवत असेल, ते कोणी विचारत नाही.

आज या बोलण्यात मी एका जुन्या बाईला बोलावणार आहे. तिला लहानपणी पुष्कळ मार बसला. पुढं ती सातासमुद्रापलीकडे गेली आणि तिथं बसून तिनं त्या माराचा हिशोब मांडला, तोही ज्यानं मारलं त्यालाच पत्र लिहून. ती म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. काहींनी तिच्यावरचा २०१९ चा सिनेमा पाहिला असेल, काहींनी श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी वाचली असेल. पहिली डॉक्टरीण म्हणून तिचं नाव आपण घेतो. आज तिची डॉक्टरकी थोडी बाजूला ठेवू आणि ती लेकरू होती तेव्हाचं पाहू.

तिचं माहेरचं नाव यमुना. जन्म १८६५ चा, घराणं कल्याणचं. नऊ वर्षांची असताना, १८७४ साली, तिचं लग्न गोपाळराव जोशी या पोस्टातल्या कारकुनाशी झालं. गोपाळराव बिजवर होते आणि वयानं तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. माहेरी आईचा मार, सासरी नवऱ्याचा. आईबद्दल तिनं पुढं सांगून ठेवलं आहे. आई मायेनं कधी बोलली नाही, आणि मारायची वेळ आली की दोरीवर भागायचं नाही, दगड, काठी, अगदी निखारासुद्धा हातात यायचा, असं ती सांगते. अंगावर खुणा राहिल्या नाहीत हेच नशीब, असंही म्हणते.

आता गोपाळराव. हा माणूस समजायला अवघड आहे. बायकोनं शिकावं म्हणून त्यांनी जगाशी भांडण मांडलं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बदली होईल तिथं तिला शिकवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, अंगावर दगड-चिखल घेतला. पण शिकवायची त्यांची रीत कशी? धडा झाला नाही की मार. एक गोष्ट तर अशी सांगतात की ते घरी आले तेव्हा ती पुस्तक सोडून चुलीपाशी बसलेली दिसली, म्हणून त्यांनी तिला बडवलं. शेजारणी चकित झाल्या. स्वयंपाक केला नाही म्हणून बायको मार खाते हे त्यांना ठाऊक होतं, स्वयंपाक केला म्हणून मार खाल्लेली ही पहिलीच! ही गोष्ट सांगताना लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. चुलीपाशी बसलेली ती पोर आज सहावी-सातवीत असती.

आता त्याच १८७४ सालात जरा दूर, न्यूयॉर्क शहरात जाऊ. तिथं मेरी एलन नावाची दहा वर्षांची मुलगी होती, म्हणजे आपल्या यमुनेच्या बरोबरीचीच. आईबाप नसलेली. जिच्याकडे ती वाढत होती ती बाई तिला जवळजवळ रोज चामड्याच्या चाबकानं मारायची, कोंडून ठेवायची. शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं. एटा व्हीलर नावाची एक बाई चर्चच्या कामासाठी गरीब वस्तीत फिरायची, तिच्या कानावर हे आलं. ती पोलिसांकडे गेली, संस्थांकडे गेली. सगळ्यांचं उत्तर एकच : दुसऱ्याच्या घरात कसं शिरायचं? शेवटी ती हेन्री बर्घकडे गेली. त्यानं १८६६ मध्ये जनावरांना छळापासून वाचवणारी संस्था काढली होती. घोड्याला चाबकानं फोडणाऱ्या टांगेवाल्याला त्या शहरात दंड होत होता, पोरीला फोडणाऱ्या बाईला कोणी विचारत नव्हतं. बर्घच्या वकिलानं अर्ज केला आणि एप्रिल १८७४ मध्ये मेरी एलनला पांघरुणात गुंडाळून कोर्टात आणलं. तिच्या तोंडावर कात्रीची जखम होती. तिनं न्यायाधीशाला सांगितलं, माझा कोणी मुका घेतलेला मला आठवत नाही. मारणाऱ्या बाईला एक वर्षाची शिक्षा झाली. 'ती जनावर आहे असं समजून तिचा खटला चालवला' अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगतात, ती खोटी आहे. माणसाचं मूल म्हणूनच ती कोर्टापुढं आली. पुढं १८७५ मध्ये न्यूयॉर्कला मुलांना छळापासून वाचवणारी संस्था रीतसर सुरू झाली, आणि १८७७ मध्ये तशीच एक पेनसिल्व्हानिया राज्यात, फिलाडेल्फियाला. मेरी एलन पुढं सुखानं संसार करून ब्याण्णव वर्षं जगली.

फिलाडेल्फिया हे नाव ध्यानात ठेवा. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय जहाजात बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. तोवर तिला एक मूल होऊन दहा दिवसांत गेलंही होतं, आणि ते मूल झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. अमेरिकेत कार्पेंटर मावशींनी तिला लेकीसारखं घरात घेतलं. त्यांचं घर न्यू जर्सी राज्यात, रोझेल गावी. हे न्यू जर्सी असं राज्य आहे की तिथं १८६७ मध्येच शाळेत मुलांना मारायला कायद्यानं बंदी झाली होती, अमेरिकेत सगळ्यात आधी. तिथून ती फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात गेली.

अमेरिका म्हणजे स्वर्ग होता असं मला सुचवायचं नाही. न्यू जर्सीचं पाहून दुसऱ्या एका राज्यानं शाळेतला मार बंद करायला १९७१ उजाडलं, आणि आजही तिथल्या काही राज्यांत मास्तरानं फळीनं मारलं तर कायदा आडवा येत नाही. घरात आईबापांनी मारायला तर तेव्हा कुठंच बंदी नव्हती. पण कार्पेंटरबाईंच्या घरात आनंदीनं लेकरं वाढताना पाहिली. परक्या मुलखात माणूस नवं पाहतो तसं आपलं जुनंही नव्यानं पाहतो.

बाहेर बोलताना मात्र ती आपल्या देशाचीच बाजू घ्यायची. निघण्याआधी श्रीरामपूरला तिनं भरसभेत सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तो शब्द तिनं पाळला. साडीच नेसली, शाकाहारी राहिली. परक्यांपुढं घरची लक्तरं धुवायची नाहीत, ही आपल्या सगळ्यांची रीत. पण घरच्या माणसाला, म्हणजे गोपाळरावांनाच, तिनं एका पत्रात जे लिहिलं ते भाषणांत कुठं नाही.

गोपाळरावांच्या मनात आपल्या वागण्याबद्दल काही सल असावा, कारण ती या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं लिहिते. तुमचं माझ्याशी वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं कठीण आहे, दोन्ही होतं असंच मी म्हणेन, असा तिचा सूर आहे. मग ती वय धरून यादी देते. दहा वर्षांची असताना लाकडाच्या तुकड्यांनी मार. बारा वर्षांची असताना अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. चौदा वर्षांची असताना आणखी वेगळ्या शिक्षा. त्या त्या वयाच्या शरीराला आणि मनाला हे झेपणारं नव्हतं, असं ती स्पष्ट सांगते. तेव्हा मी निघून गेले असते तर? जाणार कुठं? आपल्याकडच्या बाईला नवऱ्यापुढं शब्द काढायचा हक्क नाही, त्याला वाटेल ते करू द्यायचं आणि गप्प राहायचं एवढाच तिचा हक्क, असं ती कडवटपणे लिहिते. आणि मग तिचा निवाडा येतो. शेवटी जे साधायचं होतं त्याच्याकडे पाहिलं तर वागणं बरोबर म्हणता येईल, पण लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहिलं तर चूकच म्हणावं लागेल.

मैत्रिणींनो, हा निवाडा विशीही न गाठलेल्या किंवा नुकत्याच गाठलेल्या मुलीचा आहे. गोपाळरावांचा हेतू चांगला होता हे ती नाकारत नाही. त्या हेतूमुळंच ती कॉलेजात बसली होती, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही ती म्हणते, मारणाऱ्याचा हेतू एका बाजूला आणि मार खाणाऱ्या पोरीचं मन दुसऱ्या बाजूला, दोन्हींचं वजन वेगळं करा.

आपल्या देशाच्या कायद्यानं तेव्हा हे वजन वेगळं केलं नव्हतं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बायको, मुलगा, दास, शिष्य आणि धाकटा भाऊ यांनी अपराध केला तर त्यांना दोरीनं किंवा बांबूच्या कांबीनं मारावं असं सांगितलं आहे. पाठीवर मारावं, डोक्यावर नाही, एवढीच मर्यादा. बायको आणि लेकरं एकाच ओळीत बसवली आहेत, आणि आनंदी तर एकाच वेळी दोन्ही होती, शिवाय शिष्यही.

मग इंग्रजांचं राज्य आलं, तर त्यांचा कायदा काय म्हणत होता? १८६० साली इंग्लंडात ईस्टबोर्न गावी हॉपली नावाच्या मास्तरानं एका पंधरा वर्षांच्या मुलाला गणित येत नाही म्हणून रात्री दोन-अडीच तास दोरीनं आणि काठीनं मारलं. मुलगा मेला. मारायची परवानगी त्यानं आधीच मुलाच्या बापाकडून चिठ्ठीनं घेतली होती. मास्तराला चार वर्षं तुरुंगवास झाला, पण मुख्य न्यायाधीशांनी निकाल देताना हेही सांगितलं की आईबाप किंवा मास्तर मुलाला वळण लावायला माफक, वाजवी मार देऊ शकतात. म्हणजे मारणं गुन्हा नाही, फार मारणं गुन्हा. आणि त्याच १८६० साली आपल्याकडे भारतीय दंडसंहिता झाली. तिच्या ८९ व्या कलमाचा अर्थ असा, की बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकानं, किंवा पालकाच्या संमतीनं दुसऱ्यानं, सद्भावनेनं काही केलं आणि त्यात मुलाला इजा झाली, तर तेवढ्यानं तो गुन्हा होत नाही. जीव घेणं, हाडं मोडणं यांना त्यात सूट नाही, पण वळ उठवणं त्यात सहज बसतं. मारणाऱ्या मास्तराच्या बचावासाठी हे कलम पुढं कोर्टांत पुष्कळदा पुढं केलं गेलं.

सद्भावनेनं. आनंदीनं पत्रात ज्याचं वजन वेगळं करायला सांगितलं, तोच हा चांगला हेतू.

सरकार स्वतःही मारत होतं. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानं लहान वयाच्या गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी वेताचे फटके देता येत. हा प्रकार स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९५५ मध्ये रद्द झाला. आपली हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात, त्यामुळं इंग्रजांची छावणी गावात असली तरी त्यांची दंडसंहिता इथं थेट चालत नव्हती. ती आपल्याकडे हैदराबाद भारतात सामील झाल्यावर, १९५१ मध्ये आली. पण छडीला कुठं सरहद्द होती? अंगठे धरून उभं करणं, कोंबडा करणं, कान पिरगाळणं हे कळमनुरीत आणि कल्याणात सारखंच.

आनंदीबाई डॉक्टर झाली त्या समारंभाला, ११ मार्च १८८६ रोजी, पंडिता रमाबाई मुद्दाम फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. रमाबाई पुढं दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत राहिल्या, लहान मुलांना खेळातून शिकवायची बालवाडीची रीत शिकल्या आणि १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढताना ती रीत बरोबर घेऊन आल्या. देशाविषयीची निराशा रमाबाईंनी लपवली नाही. १८८७ मध्ये तिथंच इंग्रजीत छापलेल्या पुस्तकात त्यांनी रखमाबाईच्या खटल्याबद्दल फार कडक लिहिलं आहे. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी झालं, मोठी झाल्यावर तिनं नांदायला जायला नकार दिला. मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. आपल्याकडच्या रूढीनं मुलीला बांधलं आणि इंग्रजांच्या कोर्टानं ती गाठ घट्ट केली, हे रमाबाईंना परक्या देशात बसून फार बोचलं.  तोवर आनंदीबाई गेली होती. क्षयानं, पुण्यात, २६ फेब्रुवारी १८८७ ला. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

आता झपाट्यानं आपल्या काळात येऊ. स्वीडन देशानं १९७९ मध्ये जगात पहिल्यांदा घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी केली. त्यांनी एक शहाणपण केलं : त्या कायद्यात वेगळी शिक्षा ठेवली नाही, पण घरोघरी माहितीपुस्तिका पोचवली आणि दुधाच्या खोक्यांवर तो कायदा छापला. सकाळी न्याहारी करताना लेकरानंच वाचायचा! आज साठाहून जास्त देशांत अशी बंदी आहे. दक्षिण आशियात पहिला नंबर नेपाळनं लावला, २०१८ मध्ये.

आपल्याकडे शाळेपुरतं चित्र बदललं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे. अपमान करणं, वर्गाबाहेर उन्हात उभं करणं, 'तुझ्या डोक्यात शेण भरलंय' म्हणणं, सगळं त्यात येतं. पण घराच्या उंबऱ्यापाशी कायदा थबकतो. बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली ताब्यातल्या मुलाचा छळ करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती मोठ्या छळासाठी वापरली जाते. रोजच्या मारासाठी ते जुनं कलम तसंच आहे. जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, शेकडो कलमांचे नंबर बदलले. ८९ चं २७ झालं. सद्भावना तिथंच राहिली.

किती मार बसतो? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांना विचारून अहवाल काढला, महाराष्ट्र त्यात होता. दर तीन मुलांतल्या दोघांनी मार खाल्ला होता. आणि घरच्या माणसांकडून मार खाल्लेल्या शंभरातल्या अठ्ठ्याऐंशीहून जास्त मुलांना मारणारे खुद्द आईबाप होते. आईबाप म्हटलं की त्यात आपणही आलो.

आनंदीबाईसारखे परदेशी गेलेले लोक आज गल्लोगल्ली आहेत. सून-मुलगा तिकडे, आणि नातवंडं सांभाळायला सहा महिने गेलेल्या आजीला सून हळूच सांगते, 'आई, इथं हात उगारायचा नाही हं, शाळेत पोरगं सांगून टाकतं.' आजीला ते अपमानाचं वाटतं. डिसेंबर २०१२ मध्ये नॉर्वेच्या ओस्लो शहरात एका तेलुगू दाम्पत्याला मुलाला मारल्याबद्दल शिक्षा झाली, बापाला अठरा महिने, आईला पंधरा. आपल्याकडे फार गहजब झाला. लेकराला शिस्त लावणं हाही गुन्हा का, असं विचारलं गेलं. मला विचाराल तर दोघांनाही आत टाकून लेकरांचे आईबाप तोडणं हे औषध रोगाइतकंच जालीम. स्वीडनची दुधाच्या खोक्याची रीत मला जास्त पटते. पण त्या गहजबात एक गोष्ट कोणी विचारली नाही, त्या मुलाला काय वाटत होतं. सगळी चर्चा आईबापांच्या हेतूची.

आणि दूर जाणारे काही फक्त विमानानं जात नाहीत. दिवाळीनंतर आपल्याकडून ऊसतोडीला जोड्या जातात, लेकरं आजीकडे, मावशीकडे राहतात. थकलेली आजी, चार घरची चार पोरं, आणि हाताशी उलथणं. तिचाही हेतू वाईट नसतो.

आता एक कामाची गोष्ट. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण निम्म्या बाया असाव्या लागतात. आपल्या गावच्या समितीत कोणकोणत्या बाया आहेत, त्यांना बैठकीला बोलावतात की नुसती सही घ्यायला वही घरी पाठवतात, ते या आठवड्यात विचारा. कलम १७ काय आहे ते समितीच्या बैठकीत मोठ्यानं वाचायला लावा. एखाद्या लेकराला घरात किंवा शाळेत फार मार बसतोय असं दिसलं तर १०९८ हा नंबर फुकट लागतो, दिवसा आणि रात्रीही. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तर ती कोपऱ्यात गप्प बसणारी असते ना, तिला आधी बोलू द्या.